निदानाचे पैसे देताना आपला हात का आखडतो?

कोपऱ्यातला_दिवा

आधी घरात घडलेलं सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

वॉशिंग मशीन सात वर्षांचं झालंय. कपडे धुतं, पाणी सोडतं, पण स्पिनवर आलं की अडतं, दोन-तीनदा जागच्या जागी हलल्यासारखं करतं आणि एरर दाखवून गप्प बसतं. एका टेक्निशियनला बोलावलं. त्याने बटणं दाबून बघितली, मागचं पॅनल उघडलंसुद्धा नाही, आणि दहा मिनिटांत निकाल दिला की बोर्ड गेलंय, नवीन टाकावं लागेल. आकडा ऐकला तर नव्या मशीनच्या निम्म्याच्या आसपास. मी विचार करून सांगतो म्हणालो, पण मनातून मी जवळजवळ हो म्हणून मोकळा झालो होतो, कारण बोर्ड म्हणजे काय हे मला कळत नाही आणि ज्याला कळतं तो माणूस समोर उभा राहून ठामपणे सांगतोय, त्याला मी काय विचारणार?

बायको म्हणाली अजून एकाला दाखवू. शेजाऱ्यांकडून नंबर मिळाला, एक वयस्कर काका आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी पूर्ण निघतं ना?" निघतं म्हटल्यावर स्वतः ड्रममध्ये हात घालून बघितलं, मग मशीन भिंतीपासून ओढलं, मागचा पत्रा काढला, टबाच्या तळाकडून वर जाणारी एक करंगळीपेक्षा बारीक रबरी नळी सोडवली आणि तोंडाने फुंकून बघितली. हवा जाईना. नळीच्या खालच्या टोकाला साबण आणि कपड्यांचे तंतू यांचा काळपट चिखल घट्ट बसला होता. त्यांनी समजावून सांगितलं की टबात पाणी चढलं की या नळीतली हवा दाबली जाते आणि वरचा सेन्सर त्या दाबावरून पाण्याची पातळी ओळखतो. खाली बूच बसलं की दाब आत कोंडून राहतो, मग पाणी निघून गेलं तरी मशीनला वाटत राहतं की टब भरलेला आहे, आणि भरलेला टब ते जोरात फिरवत नाही. नळी धुतली, बसवली, स्पिन लावला. फिरलं!

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. काकांनी पैसे सांगितले तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "एवढे? पार्ट तर काहीच टाकला नाही तुम्ही." आणि मी कमी करून दिले. ते काही बोलले नाहीत, हत्यारं पिशवीत भरून निघून गेले. रात्री झोपताना ते डोक्यात आलं आणि खूप वाईट वाटलं. चुकीच्या निदानावर त्याच्या वीसपट पैसे मी निमूट दिले असते, कारण खोक्यातून काहीतरी वस्तू आली असती, आणि बरोबर निदानावर मी घासाघीस केली.

हे फक्त माझंच होतं का? तुमचा अनुभव काय? आणि यात काम करणारं कोणी इथे असेल तर त्यांची बाजू नक्की ऐकायची आहे.

घरचंच_बघते

अगदी अगदी. आमच्याकडे फ्रिजच्या बाबतीत झालंय हे. वाचतेय.

वायरमन_२२

मी या धंद्यात २२ वर्षं आहे, एसी आणि फ्रिज. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून मीही लिहितो, जरा मोठं होईल.

उन्हाळ्यात एसी बंद पडल्याचा फोन येतो. बाहेरच्या युनिटमध्ये कंप्रेसर नुसता गुणगुणतो, सुरू होत नाही, काही सेकंदांनी ट्रिप होतो. यात बरेचदा कपॅसिटर गेलेला असतो. कंप्रेसरला सुरू व्हायला धक्का देणारा डबीसारखा पार्ट, वरून फुगलेला दिसतो, कधी दिसतही नाही, मीटर लावला की कळतं, डबीवर लिहिलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा आकडा खूप खाली आलेला असतो. पार्ट स्वस्त. बदलायला पंधरा मिनिटं, त्यातली दहा वर चढून झाकण उघडण्यात आणि जुन्यातला करंट काढून टाकण्यात. आता मी खरं सांगितलं की साहेब कपॅसिटर गेलाय, तर मला मिळणार कपॅसिटरचे पैसे आणि वर थोडं काहीतरी, आणि तेवढं देतानाही गिऱ्हाईक बाजारात हा केवढ्याला मिळतो ते मोबाईलवर बघून दाखवणार. त्याच जागी दुसरा कोणी कंप्रेसर गेला म्हणाला तर त्याचा महिना सुटतो. आणि गिऱ्हाईक कंप्रेसरच्या बिलावर कुरकुर करत नाही हो, कारण कंप्रेसर जड असतो, दोघांनी उचलून आणावा लागतो.

म्हणजे आपण सगळे मिळून ज्याला पैसे देतो ती वस्तू. ओळखण्याला देत नाही. मग ओळखणारा पोट कसं भरणार, तो वस्तूत ओळखण्याचे पैसे टाकतो. मीही टाकतो, खोटं कशाला बोलू. कपॅसिटर दुप्पट लावतो. खोटं निदान कधी केलं नाही, पण बिलात तपासणी अशी ओळ लिहायची हिंमत होत नाही कारण लिहिली की भांडण होतं आणि तेच पैसे पार्टमध्ये टाकले की होत नाही.

अजून एक बाजू. समजा मी फक्त कपॅसिटर बदलला आणि तीन महिन्यांनी कंप्रेसर खरंच गेला, तो जुनाच होता. गिऱ्हाईक म्हणणार, याने तेव्हाच नीट बघितलं नाही. नाव माझं खराब. सगळं बदलून टाकणाऱ्याचं नाव कधी खराब होत नाही. कमी काम सांगणाऱ्याने जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतलेली असते, हे कोणी बघत नाही.

कोपऱ्यातला_दिवा

वायरमनदादा, हे शेवटचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार.

सीमान्त

चांगला धागा. मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं पुस्तकी वाटेल पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

१९७० मध्ये फिलिप नेल्सनने मांडलं की काही वस्तूंचा दर्जा घेण्याआधी बघून कळतो आणि काहींचा वापरल्यावर कळतो. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी त्यात तिसरा प्रकार घातला, ज्याचा दर्जा वापरल्यावरसुद्धा कळत नाही. क्रेडेन्स गुड्स. मी वर्गात विश्वासाच्या वस्तू म्हणतो. दुरुस्ती, डॉक्टरचा सल्ला, वकिलाचा सल्ला सगळं यात आलं.

धागाकर्त्यांच्या मशीनवरच बघा. समजा तुम्ही बोर्ड बदलून घेतलं असतं आणि बदलायला मशीन ओढताना, उघडताना ती नळी हलून चिखल सुटला असता. मशीन फिरलं असतं. तुम्ही खूश, तो टेक्निशियन खूश, कदाचित त्याची स्वतःचीही खात्री पटली असती की बोर्डच होतं, आणि तुम्ही चार लोकांना त्याचाच नंबर दिला असता. इथे अनुभवातून शहाणपण येत नाही कारण अनुभवच खोटी साक्ष देतो. साध्या खरेदीत आणि यात हाच मोठा फरक आहे. मशीन चालू झालं याचा अर्थ दुरुस्ती पुरेशी होती एवढाच होतो, ती गरजेची होती का हे त्यातून कधीच कळत नाही.

यात तीन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. गरजेपेक्षा जास्त काम करणं. गरजेपेक्षा कमी काम करून वेळ मारून नेणं. आणि काम छोटंच करून बिल मोठ्याचं लावणं, म्हणजे पार्ट बदललाच नाही पण पैसे घेतले. तिसऱ्यावर साधा उपाय आहे, जुना पार्ट मागून घ्या. पहिल्यावर तो उपाय चालत नाही कारण जुना पार्ट मिळाला तरी तो खरंच बिघडला होता का हे तुम्हाला कळणार नाही.

वायरमन यांनी जे लिहिलंय ते जवळजवळ जसंच्या तसं सिद्धांतात आहे. उवे डुलेक आणि रुडॉल्फ केर्शबामर यांचा २००६ चा एक लेख या विषयावर पायाभूत मानतात, त्यात एक निष्कर्ष असा की गिऱ्हाईकाला काय काम झालं एवढं जरी बघता आलं आणि छोट्या दुरुस्तीवर आणि मोठ्या दुरुस्तीवर कारागिराला सुटणारा नफा रुपयात सारखाच असला तर त्याला खोटं बोलायचं कारणच उरत नाही. कपॅसिटर बदलून जेवढं हाती राहतं तेवढंच कंप्रेसर बदलून राहिलं तर तो खरं तेच सांगेल. म्हणजे छोट्या कामावर नफा वाढवायला हवा. आपण घासाघीस करून नेमका तोच दाबतो.

खिळा

एवढं तत्त्वज्ञान कशाला. सरळ चोरी आहे ही. पहिला टेक्निशियन चोर होता, विषय संपला.

वायरमन_२२

खिळा, रागावू नका पण तो चोर होता असं मला नाही वाटत. बहुतेक त्याला येतच नव्हतं. आता नवीन मुलांना शिकवतात ते असं, हा एरर आला की हा पार्ट टाका, त्याने गेला नाही तर पुढचा टाका. बोर्डवरचा एक रिले किंवा एक जळकी पटरी शोधून सोल्डर करणारे आता थोडे राहिले. अख्खं बोर्ड बदलायला शिकायला दोन महिने लागतात, बोर्ड वाचायला शिकायला वर्षं जातात आणि त्या वर्षांचे पैसे कोणी देत नाही. मग मुलं का शिकतील सांगा. चोर सोडून संन्याशाला फाशी असं पार्टांच्या बाबतीत रोज होतं आणि फाशी देणाऱ्याला ते माहीतही नसतं.

तिसरा_गिअर

गाड्यांमध्ये हेच. लोकांना वाटतं आता स्कॅनर आलाय, कॉम्प्युटर सांगतो काय बिघडलं. नाही सांगत. अमेरिकेत १९९६ पासूनच्या नव्या गाड्यांना ओबीडी-टू, म्हणजे गाडीने स्वतःला तपासून दोषाचा कोड द्यायची पद्धत, सक्तीचं झालं, तेच कोड आज जगभर दिसतात. उदाहरण घ्या पी०४२०. त्याचा अर्थ एवढाच की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या पार्टाची, कार्यक्षमता मर्यादेच्या खाली दिसतेय. दिसतेय. ते कोणाला दिसतंय तर मागच्या ऑक्सिजन सेन्सरला. म्हणजे कन्व्हर्टर गेलेला असेल, सेन्सर गेलेला असेल, एक्झॉस्टला गळती असेल, इंजिन मिसफायर करून कन्व्हर्टरची वाट लावत असेल आणि मग नवीन टाकला तरी तोही जाईल. कन्व्हर्टर गाडीतल्या महागड्या पार्टांपैकी एक. कोड वाचून सरळ तो बदलणारे मी बघितलेत आणि दोन महिन्यांनी तोच कोड परत आलेला बघितलाय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

कोड वाचायला एक मिनिट. त्या कोडमागचं कारण शोधायला कधी कधी अर्धा दिवस. गिऱ्हाईक म्हणतं कोड वाचायचे एवढे पैसे का? अहो कोड वाचायचे नाहीत ते.

हेन्री श्नायडर नावाच्या संशोधकाने यावर प्रत्यक्ष प्रयोग केलाय, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच जुनी गाडी, तिच्यात आधीच माहीत असलेले दोष, बॅटरीची वायर सैल, कूलंट कमी वगैरे, आणि ती ४० गॅरेजांत फिरवली. सुमारे पाव भेटींत नको असलेलं काम सुचवलं गेलं. पण मला जास्त धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा, खरे दोष न सापडण्याचं प्रमाण त्याहून कितीतरी जास्त होतं. बॅटरीची सैल वायर हो! म्हणजे वायरमन म्हणतात ते बरोबर, लबाडीपेक्षा निष्काळजीपणा आणि न येणं हेच जास्त महागात पडतं.

घरचंच_बघते

म्हणूनच मी स्वतः करायला शिकले. व्हिडिओ बघून मिक्सरचे कार्बन ब्रश बदलले, इस्त्रीची वायर बदलली, नळाचे वॉशर तर कधीच. एक साधा मल्टीमीटर घेतला आणि कंटिन्युइटी बघायला शिकले, म्हणजे वायर किंवा फ्यूज तुटलाय का ते कळतं, निम्मी भीती तिथेच गेली. फ्रिजच्या वेळी मी फक्त एवढं विचारलं की रिले आणि ओव्हरलोड तपासला का? तर समोरचा माणूस एकदम सावरून बसला आणि नीट उत्तरं द्यायला लागला. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, शब्द माहीत होते एवढंच.

सीमान्त

ताई, तुमच्या अनुभवाला प्रयोगाचा आधार आहे. अथेन्समध्ये टॅक्सींवर एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला. संशोधकांची माणसं प्रवासी बनून शेकडो फेऱ्या फिरली. ज्यांनी आपल्याला शहर माहीत नाही असं दाखवलं त्यांना लांबच्या रस्त्याने नेण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि जे परदेशी वाटले त्यांना चुकीचे दर किंवा जादा आकार लावण्याचं. म्हणजे समोरच्याला किती कळतंय असं कारागिराला वाटतं त्यावर सेवा बदलते.

याच गटातल्या लोकांनी पुढे ऑस्ट्रियात कॉम्प्युटर दुरुस्तीवर केलेला प्रयोग २०१६ चा आहे. मुद्दाम एक मेमरी मॉड्यूल खराब असलेले कॉम्प्युटर वेगवेगळ्या दुकानांत दिले. काहींना फक्त दुरुस्त करा आणि बिल द्या म्हटलं, काहींना वर एक वाक्य जोडलं, बिल लागेल कारण विमा कंपनी पैसे देणार आहे. दोष तोच, कॉम्प्युटर तसेच. दुसऱ्या गटाची सरासरी बिलं ८० टक्क्यांहून जास्त वाढली. फरक मुख्यतः दोन गोष्टींमुळे होता, नको ते पार्ट बदलले आणि न केलेल्या कामाचे तास लावले.

म्हणून पैसे दुसरं कोणीतरी देणार आहे हे सुरुवातीलाच सांगू नये, असं मी सगळ्यांना सांगतो.

स्टेथो

मी डॉक्टर आहे. आतापर्यंत गप्प वाचत होते, कारण हा विषय आमच्यावर येणार हे दिसत होतं आणि तो यायलाच हवा.

केनेथ ॲरो यांचा वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावरचा लेख १९६३ चा, त्यात त्यांनी हेच मांडलं की रुग्ण आणि डॉक्टर यांच्या माहितीत एवढी दरी आहे की हा व्यवहार इतर बाजारासारखा चालूच शकत नाही. स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात १९९३ च्या एका अभ्यासात नेहमीच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण तपासलं, टॉन्सिल, हर्निया, पित्ताशय, गर्भाशय काढणं अशा, आणि सर्वसाधारण लोकांपेक्षा डॉक्टर आणि त्यांच्या घरच्यांवर त्या कमी होत होत्या. वकिलांच्या घरच्यांवरही कमी. झुरिचमध्ये दातांच्या डॉक्टरांवर झालेला अभ्यास आहे, उपचाराची गरज नसलेला एकच रुग्ण १८० दंतवैद्यांकडे गेला आणि चारातल्या एकापेक्षा जास्त जणांनी त्याला फिलिंग सुचवलं. हे वाचून मला बरं वाटत नाही, पण नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवते. मशीनच्या नळीत चिखल होता की नव्हता याला एकच उत्तर आहे. माणसाच्या शरीरात बरेचदा तसं नसतं. मी एखाद्याला सांगते की दोन आठवडे थांबू, वेदना वाढली किंवा ताप आला तर लगेच या, नाहीतर तपासणी करायची गरज नाही. हे वाक्य बोलण्यासाठी मला सगळ्यात जास्त विचार करावा लागतो. आणि त्याच वाक्याला रुग्णाच्या डोळ्यात सगळ्यात कमी किंमत असते. काहीच लिहून दिलं नाही, मग फी कशाची? एमआरआय लिहून दिला की समाधान. तर निदानाचे पैसे न देण्याची सवय आमच्याकडेसुद्धा आम्हाला त्याच दिशेने ढकलते, वायरमनदादा जे म्हणाले त्यात आणि माझ्या खोलीत मला फार फरक दिसत नाही.

निदान करणारा आणि वस्तू विकणारा वेगळा ठेवा हा उपाय खूप जुना आहे. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने वैद्य आणि औषध विकणारा यांचे धंदे कायद्याने वेगळे केले. दक्षिण कोरियाने २००० मध्ये डॉक्टरांनी औषधं विकणं बंद केलं तेव्हा डॉक्टरांनी संप केले होते, यावरून त्या विक्रीत किती पैसा होता ते समजा.

तिसरा_गिअर

डॉक्टर, वेगळं ठेवा हे गाडीत अवघड जातं. गिअरबॉक्सचा दोष बघायला तो उतरवून उघडावा लागतो. उघडला की निम्मं काम तिथेच झालं. आता निदान झालं म्हणून तो परत बंद करून दुसरीकडे नेणार का? उघडलेल्या गिअरबॉक्सचा मालक गिऱ्हाईक असतं पण किल्ली गॅरेजवाल्याच्या हातात असते.

सीमान्त

अगदी. डार्बी आणि कार्नी यांचा मूळ मुद्दाच तो होता, निदान आणि दुरुस्ती एकत्र करणं स्वस्त पडतं म्हणून ती एकाच माणसाच्या हातात राहतात आणि म्हणूनच फसवणुकीला जागा राहते. जिथे निदान स्वस्तात वेगळं करता येतं तिथे करावं, जिथे येत नाही तिथे पैसे देण्याची पद्धत बदलावी. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या इंजिन कंपनीने वायपर जेट इंजिनासाठी एक पद्धत आणली, विमानवाला प्रत्येक उड्डाणतासाला ठरलेली रक्कम देणार आणि इंजिन चालू ठेवणं, दुरुस्ती, पार्ट सगळं कंपनीच्या गळ्यात. पॉवर बाय द अवर. पुढे रोल्स-रॉइसने ती चालवली. त्यात इंजिन बंद पडलं तर नुकसान दुरुस्ती करणाऱ्याचं. नको तो पार्ट बदलला तर तो त्याच्याच खिशातून जातो.

खिळा

मग वार्षिक देखभालीचा करार म्हणजे तेच की. माझ्याकडे वॉटर फिल्टरचा आहे, वर्षभर बोलावलं तर येतात, पुसून जातात, काही बदलत नाहीत. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सीमान्त

बरोबर पकडलंत, ती उलटी बाजू. पैसे आधीच मिळालेत, आता केलेलं प्रत्येक काम हा त्याचा खर्च, मग कमी करण्याकडे कल. विमानात ते चालतं कारण तासाचे पैसे इंजिन चाललं तरच मिळतात. तुमच्या करारात पाणी खराब आलं म्हणून त्याचे पैसे कापले जात नाहीत. करार करायचाच तर कोणता पार्ट किती महिन्यांनी बदलणार आणि बंद राहिलं तर काय हे लिहून घ्या.

खिळा, एक विचारतो, सकाळी तुम्ही विषय संपला म्हणालात. अजून तसंच वाटतं का?

खिळा

नाही. मला राग या गोष्टीचा आहे की माझ्या वडिलांच्या ऐकायच्या मशीनवर दोन वर्षांत तीनदा पैसे घेतले आणि शेवटी कळलं की कानातला मळ साचून मशीनच्या तोंडाची जाळी बुजत होती, जाळी बदलायला एक मिनिट लागतं आणि ती घरी बदलता येते. दोन वर्षं वडील जेवताना गप्प बसायचे, आम्हाला वाटायचं वय झालं. पैशाचं जाऊ दे. चोर की अडाणी हे मला आजही कळलेलं नाही आणि तुमचं वरचं वाचून आता हे कळलं की ते मला कधीच कळणार नाही, त्याचाच त्रास होतो.

स्टेथो

खिळा, फार वाईट वाटलं वाचून. आता वडिलांना ऐकू येतं का नीट?

खिळा

हो. जाळी मीच बदलतो आता. टीव्हीचा आवाज कमी कर म्हणून ओरडतात.

घरचंच_बघते

किती छान!

एक प्रश्न सगळ्यांनाच. दुसऱ्याचं मत घ्यायला गेलं तर पहिल्याने काय सांगितलं ते सांगायचं का?

स्टेथो

माझ्या मते आधी नाही. लक्षणं सांगा, रिपोर्ट असतील तर दाखवा, पण निष्कर्ष शेवटी सांगा. मला कोणी आत येताच म्हणालं की त्यांनी अमुक सांगितलंय, तर कितीही ठरवलं तरी माझं डोकं तिथूनच सुरू होतं. आणि दुसऱ्या मताची फी आनंदाने द्या, ते मत पहिल्यासारखंच आलं तरी द्या. पैसे फुकट गेले असं तेव्हा वाटतं, गेलेले नसतात.

वायरमन_२२

माझं पण तेच. बोर्ड गेलंय म्हणून सांगू नका, स्पिनला थांबतं म्हणून सांगा. कधी थांबतं, रोज की अधूनमधून, थंड असताना की तापल्यावर, आधी आवाज कसा येत होता. जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. अधूनमधून येणारा फॉल्ट आमच्यासमोर कधी येत नाही, आम्ही गेलो की येतो, मग तीन फेऱ्या होतात आणि तिन्ही फेऱ्यांचे पैसे मागायला मलाच लाज वाटते. तो व्हिडिओ असेल तर निम्मं निदान घरूनच होतं. आणि आधीच विचारा, बघायचे किती घेणार? काम करा अथवा न करा, बघायचे वेगळे. जो याला नीट उत्तर देतो त्याला धरून ठेवा. बघायला फुकट येतो म्हणणाऱ्याला ते पैसे कुठून तरी काढायचेच असतात.

तिसरा_गिअर

+१. शिवाय माहितीसुद्धा मिळायला पाहिजे. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ ला लोकांनी मतदान करून गाडी कंपन्यांना निदानाची माहिती बाहेरच्या गॅरेजांना द्यायला लावली. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही उपकरणांवर ती किती सहज दुरुस्त होतात याचा दहापैकी आकडा छापावा लागायला लागला. सर्किटचा नकाशा आणि सुटे पार्ट कंपनीच्या कुलपात असतील तर वायरमनसारख्या माणसालासुद्धा अख्खं बोर्डच बदलावं लागतं, मग त्याचा प्रामाणिकपणा काय कामाचा.

कोपऱ्यातला_दिवा

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळे दोनदा वाचले.

आज सकाळी काकांना फोन केला. त्यांना आधी वाटलं मशीन परत बंद पडलं, लगेच म्हणाले संध्याकाळी येतो, फेरीचे घेणार नाही. मी म्हटलं मशीन उत्तम चाललंय, त्या दिवशी मी कमी दिले ते पाठवतोय आणि वर थोडे जास्त. त्यांनी विचारलं, कशाचे? मला पटकन शब्द सुचेनात. शेवटी म्हटलं, तुम्ही नळी फुंकून बघितलीत त्याचे. मग थोडा वेळ गप्प होते. नंतर मात्र खूप बोलले, की ही नळी बघायची सवय त्यांना त्यांच्या उस्तादांनी लावली, उस्ताद म्हणायचे आधी जे फुकटात तपासता येतं ते सगळं तपासून घे, मग मीटर काढ, मग पार्टाचं नाव घे.

पुढच्या आठवड्यात बहिणीकडचा ओव्हन बघायला बोलावलंय. बघायचे किती ते आधीच ठरवलं, पहिल्यांदा त्यांनी आकडा सांगितला तोच मान्य केला.

वायरमन_२२

वाचून बरं वाटलं साहेब.

तुमच्या मशीनचं एक सांगतो, तो चिखल परत साचणार. साबण पावडर कमी घाला, आणि दोन महिन्यांतून एकदा कपडे न टाकता गरम पाण्याचं एक पूर्ण चक्र चालवा. ताईंनाही एक सांगायचं राहिलं, मायक्रोवेव्ह कधी घरी उघडू नका, प्लग काढून ठेवला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीव जाईल एवढा करंट राहू शकतो. बहिणीचा ओव्हन साधा आहे की मायक्रोवेव्ह?

कोपऱ्यातला_दिवा

मायक्रोवेव्ह. दिवा लागतो, ताट फिरतं, पण काही गरम होत नाही. हात लावू नकोस म्हणून तिला आत्ताच कळवतो.